गाडग्यातले चिंचोके

माळकोपच्या कोष्टी गल्लीत चैत्र लागला की दोन वास एकमेकांत मिसळून यायचे. एक पाजणीच्या खळीचा, दुसरा फोडलेल्या चिंचेचा. घराघरापुढं सूत ताणलेलं असायचं, त्याच्यावर कुंच्यानं खळ फिरायची, आणि ओसरीवर बायका मांडीशी दगड घेऊन चिंच फोडत बसायच्या. चिंच मडक्यात जायची, चिंचोके पोत्यात. चिंचोका कुणी टाकत नसे. भाजून, दळून त्याचीच तर खळ व्हायची. निपाणीकडनं येणारे तंबाखूचे गाडीवान गल्लीच्या तोंडाशी बैल थांबवायचे आणि नाक वर करून म्हणायचे, "कोष्ट्यांच्यात आलो."

त्या साली मी झोळीत होते. माग होता त्या खोलीच्या तुळईला झोळी आणि झोळीखाली रहाट. आई एका हातानं रहाट फिरवायची, दुसऱ्या हातानं मागाला लागणाऱ्या कांडीवर सूत भरायची आणि पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून झोळी हलवायची. रहाटाची कुरकुर थांबली की मी रडायचे म्हणे. पुढचं सगळं मी आईकडनं आणि आज्जीकडनं इतक्यांदा ऐकलंय की बघितल्यासारखंच वाटतं.

घरात माणसं चारच. आज्जी बायाक्का, आप्पा केदारी, आई चंपाबाई आणि मी. आप्पा सकाळी घरच्या मागावर बसायचे आणि दुपारी चावडीमागच्या धर्मशाळेत जायचे. तिथं सरकारनं विणकामाचा वर्ग काढलेला होता. शिकवायला परशराम मास्तर आणि त्यांच्या हाताखाली आप्पा. वर्गात झटक्याचा माग शिकवायचे. जुन्या मागावर धोटा ह्या हातानं फेकायचा आणि त्या हातानं झेलायचा. झटक्याच्या मागाला डोक्यावर दोरी असते. एक ओढ दिली की धोटा आपला आपण पलीकडं पळतो. कापड दुप्पट निघतं, हात भरून येत नाहीत. शिकून झालं की वर्गातनं प्रत्येकाला झटक्याचा हात्या, म्हणजे धोटा पळवणारी ती दोरीची चौकट, घरी न्यायला मिळायचा. गल्लीतल्या बाप्यांनी तो वाजत गाजत आणला, हळदकुंकू वाहिलं, थोडे दिवस खटाखट चालवला आणि एकेकानं सोडून आढ्याला बांधून ठेवला.

आमच्याही घरी तसंच. दुपारी लोकांना झटका शिकवणारा माणूस सकाळी आपल्या घरात हातानं धोटा फेकत बसायचा. का, ते आईला ठाऊक होतं आणि आप्पांना ठाऊक होतं. पण त्यावर बोलणं व्हायचं नाही.

वर्ग मोडणार अशी कुणकुण शिमग्यापासनंच होती. आणि वर्ग मोडला तर आप्पांनी सोलापूरच्या गिरणीत जायचं हेही ठरल्यासारखंच होतं. शेजारच्या भरमाचा भाऊ तिथं होता, त्यानं निरोप धाडलेला, जागा हाय, केदारीला धाडा. आईचा थोरला भाऊ असाच गिरणीत गेलेला. पहिल्या वर्षी दिवाळीला आला, दुसऱ्या वर्षी पंचमीला, आणि पुढं नुसतं त्याचं नाव निघायला लागलं. 

अशात एका सकाळी मारुतीराव आले. बेळगावच्या टिळकवाडीत राहणारा, विणकामाच्या सरकारी खात्यातला माणूस. धोतर, काळा कोट, टोपी, छत्री आणि सायकल. वर्ग ठेवायचा का मोडायचा हे त्यांनी बघून लिहायचं होतं. ते वर्गात गेलेच नाहीत. सायकल पिंपळाला टेकवली आणि गल्लीत पहिल्या घरापासनं डोकावायला लागले. पहिलंच घर आमचं.

आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. हातातनं हातात धोटा चाललेला. वर आढ्याला झटक्याचा हात्या, त्याला कांद्याची वेणी लोंबलेली आणि वर आमची तांबडी कोंबडी बसलेली.

मारुतीरावांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"तुम्हीच ना केदारी? वर्गात शिकवता ते?"

आप्पा खड्ड्यातनं धड उठूही शकेनात. मांडीवर कापड, पायाखाली मागाच्या पावड्या. बसल्या बसल्याच हात जोडले.

"व्हय रावसाब."

"आणि हे?" त्यांनी छत्रीचं टोक वर केलं. कोंबडी फडफडून खाली आली ती ताण्यावरच. चार धागे तटातट तुटले.

आज्जी चुलीपुढनंच ओरडली. "हाड् हाड्! रावसाब, बसा की. च्या ठेवतो."

"चहा नको, आक्का. हात्या वर का, तेवढं सांगा."

आप्पा तुटलेल्या धाग्यांकडं बघत म्हणाले, "सूत कच्चं येतंय, रावसाब. झटका सोसत न्हाय. तुटतंय."

मारुतीरावांनी मान हलवली आणि पुढच्या घरी गेले. गल्ली संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांच्या आढ्याला हात्ये. बापे म्हणाले सूत कच्चं. परशराम मास्तर म्हणाले, माणसं आळशी, शिकवलेलं टिकवत नाहीत. आणि नागुबाई, पलीकडच्या घरातली, जिच्या तोंडाला गल्लीत कुणी लागत नसे, ती म्हणाली, "दोरी वढली की धोटा पळतोय ह्ये खरं. पर त्येच्या पोटात कांडी कोण भरतंय, त्ये इचारा की कुणीतरी!"

तिची सून राजाबाई आत रहाटावर होती. तिनं मान आणखी खाली घातली.

संध्याकाळी वर्गापुढच्या कट्ट्यावर गल्ली जमली. मारुतीराव दमले होते. कपाळाला टोपीचा लाल वळ पडलेला.

"तीन जण तीन कारणं सांगतात," ते म्हणाले. "सूत कच्चं असेल तर वर्ग ठेवून उपयोग नाही, दोष गिरणीच्या सुताचा. माणसं आळशी असतील तर वर्ग मोडलेलाच बरा. कांड्या पुरत नसतील तर गोष्ट वेगळी. मी कुणाचं लिहू? मला ऐकीव नको, बघितलेलं पाहिजे. पुढच्या बाजारापर्यंत सगळ्यांनी झटक्यावर विणा. माग थांबला की का थांबला, ते घरातल्या कुणी तरी टिपून ठेवा. मी कागद देतो."

"कागदावं चूल चांगली पेटती," नागुबाई म्हणाली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. लिहिता येणारी बाई गल्लीत एकही नव्हती.

"मग तुम्हीच सांगा कसं करायचं."

 मग कडेला उभी राहिलेली आई आज्जीच्या कानाला लागली. आज्जी मोठ्यानं म्हणाली, "सून म्हणत्या, चिंचोकं हायत की घरोघर. कांडी न्हाय म्हणून माग थांबला की चिंचोका टाकायचा गाडग्यात. धागा तुटून थांबला की खडा."

मारुतीराव पहिल्यांदाच हसले. "छान. चिंचोका कांडीचा, खडा धाग्याचा. कोरी गाडगी मी कुंभाराकडनं आणवतो."

घरोघर गाडगी आली. गाडग्याला कुणी चुना लावला, कुणी दोरी बांधून रहाटाजवळ टांगलं. आप्पांनी कांदे सोडले, हात्या उतरवला, तेल दिलं, मागाला बसवला. त्या रात्री ते आईला म्हणाले, "आठ दिस काढ. कसं तरी काढ."

आई म्हणाली, "काढतो." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी पहाटेला गल्ली खटाखट वाजायला लागली. आई सांगते, ऐकायला लई गोड वाटायचं, जशी दूरवर ढोलकी. पण त्या तालावर रहाट चालवायचा म्हणजे जीव जायचा. फाळक्याच्या फिरत्या चौकटीवर सुताची लडी चढवायची, टोक काढायचं, ओलं सूत बोटातनं सोडत बांबूच्या कांडीवर भरायचं. जुन्या मागाला टोपलीभर कांड्या सकाळ पुरायच्या. आता आई कांडी भरून खाली ठेवते न ठेवते तोवर आप्पांचा हात मागं यायचा, तळवा उघडा. बोलायचे काही नाहीत. नुसता उघडा तळवा. आई भरलेली कांडी ठेवायची आणि दुसरी घ्यायची. कधी तळव्यावर ठेवायला काही नसायचं. माग थांबायचा. त्या थांबण्यात सगळं घर ऐकू यायचं, चुलीवरचं कालवण रटरटणारं, मी झोळीत चुळबुळणारी. मग आई गाडग्यात चिंचोका टाकायची. टक्.

आज्जी चुलीपुढनं म्हणायची, "आणिक थांबला काय गं?"

"व्हय."

"आमच्या टायमाला आम्ही चार पोरं सांभाळून भरत हुतो."

आज्जीची नजर गेलेली म्हणून तिला कांडी भरता येत नव्हती. धागा दिसायचाच नाही. पण कानाला कमी नव्हती. प्रत्येक टक् तिला ऐकू जायचा.

तिसऱ्या दिवशी आईच्या अंगठ्याच्या पेराला सुतानं चीर पडली. तिनं चिंधी बांधली, चिंधीत सूत अडकायला लागलं, चिंधी सोडून दिली. कांडीला तांबूस डाग पडला. आप्पांनी कांडी धोट्यात घालताना तो बघितला. थोडा वेळ दोरी हातात धरून बसले. मग म्हणाले, "पाज तिला. रडायल्या." आईनं मला मांडीवर घेतलं, पण रहाट थांबवला नाही. दूध कमी झालं होतं. मी ओढायचे आणि चिडून सोडायचे. आईच्या सांगण्यात हे दरवेळी येतं आणि दरवेळी ती माझ्या डोक्यावरनं हात फिरवते, जशी मी अजून उपाशीच आहे.

माग थांबला की आई चिंचोका टाकायला चुकली नाही. लाज वाटायची तरी टाकला.

पण गल्लीत भलतंच सुरू झालं. पाण्याला गेल्यावर बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "तुमच्या गाडग्यात किती?" नागुबाई विहिरीवर घागर आदळून म्हणाली, "आमची राजी म्हंजे शेळी. बसली की बसली. गाडगं भरंल तिनं!" राजाबाई घागर कमरेला घेऊन पुढं निघून गेली. तिचे कान लाल झालेले आईनं बघितले. दुसरीकडची कोण म्हणाली, "अंबूच्या घरात तर वाजत्यालं गाडगंच ऐकू येतंय." बघता बघता गाडगं वर्गाचं राहिलं नाही. ते सुनांचं झालं. कुणाची सून चपळ, कुणाची आळशी, कुणाच्या माहेरनं काही शिकवून धाडलं नाही, हे सगळं त्या मातीच्या तोंडातनं बाहेर येणार अशी भीती घराघरात बसली. भरमाची बायको मोठ्या माहेरची. तिनं तर गाडग्यावर झाकणच घातलं आणि वर दगड ठेवला.

बाजाराच्या दिवशी दुपारी धर्मशाळेच्या पडवीत गाडगी मांडली. मारुतीरावांनी घोंगडं पसरायला लावलं आणि एकेक गाडगं त्यावर पालथं केलं. बापे एका अंगाला उभे, बायका दुसऱ्या अंगाला खांबाआड. खडे पडले, चांगले मूठभर, ओंजळभर. चिंचोके मात्र कुठं दोन, कुठं पाच. एका गाडग्यातनं तर एकही नाही, नुसता खड्यांचा आवाज.

आमचं गाडगं पालथं झालं तेव्हा आई पुढं सरकली. खडे आले. चिंचोके आले ते बोटांवर मोजावे इतकेच. आईनं डोळे बारीक करून बघितलं. तिला वाटलं गाडगं बदललं असेल. पण काठाला आमचीच खूण होती, आज्जीनं लावलेलं कुंकू.

मारुतीरावांनी दोन्ही ढिगांकडं बघितलं. तोंड उतरलं त्यांचं.

"केदारी, तुमचं खरं निघालं. सूत तुटतं, कांड्या पुरतात. ह्यात वर्गानं करायचं काही उरत नाही. सुताचा दोष वर्ग सुधारू शकत नाही. मी तसंच लिहितो."

आप्पांचं खोटंच खरं निघालं होतं. भरमा हळूच म्हणाला, "तर मग सोलापूरला कळीव, केदारी." परशराम मास्तर जमिनीकडं बघत राहिले. त्यांचीही बदली आता ठरलेली.

आईला काही तरी ओरडून सांगायचं होतं, पण बाप्यांच्यात, नवऱ्यासमोर, सरकारी माणसासमोर तोंड कसं उघडायचं? तिनं आज्जीकडं बघितलं. आज्जी खांबाला हात लावून उभी होती. 

"रावसाब," आज्जी म्हणाली, "जरा दम धरा. लिवू नका."

"काय झालं, आक्का?"

"मी येतो घराकडनं."

ती भिंत चाचपत निघाली. आई तिच्यामागं जायला निघाली तर आज्जीनं मागं न बघताच म्हटलं, "तू हितंच थांब."  आज्जी परत आली तेव्हा तिच्या ओटीत काही तरी जड होतं. घोंगड्याची कड तिनं पायानं चाचपली, वाकली आणि ओटी सोडली. चिंचोके घरंगळले. खड्यांच्या ढिगावर, मारुतीरावांच्या जोड्याशी, पडवीच्या पायरीपर्यंत. इतके की बायकांच्यातनं "अगं बया" आलं.

"हे आमच्या घरचं. रोज संध्याकाळी मी काढून घेत हुतो."

"का?"

आज्जीनं रिकामी ओटी झटकली. मग म्हणाली, "माझी सून आळशी म्हणून सरकारच्या दप्तरात लागंल, असं वाटलं. दिसभर मीच तिला बोलतो. माझं बोलणं आढ्याखाली ऱ्हातंय. पर दुसऱ्यानं का लिवावं? बोट फाटलंय तिचं. दूध आटलंय. एक कांडी चुकवली न्हाय पोरीनं. पुरतच न्हाईत कांड्या, रावसाब. दोन हातांनी पुरतच न्हाईत."

"मग टाकून का दिले नाहीत?"

"टाकलं असतं तर खोटं झालं असतं की ओ. नुसतं झाकून ठेवलंतं."

आई तिथंच, सगळ्यांसमोर, खांबाला डोकं लावून रडली. आठ दिवस तिनं आज्जीची बोलणी खाल्ली होती. आणि आठ दिवस ह्या म्हातारीनं आंधळ्या बोटांनी, खड्यातनं चिंचोके वेगळे करून, उतरंडीमागं दडवले होते.

मग राजाबाई हलली. कुणाला न विचारता घरी गेली आणि फडक्यातनं घेऊन आली. तिचे तिनंच काढले होते, सासूच्या भीतीनं. जिचं गाडगं वाजतं म्हणत होत्या ती अंबुबाई गेली. एकेक बाई जायची आणि पदराखाली काही तरी झाकून यायची. शेवटी सगळे नागुबाईकडं बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघताय?" ती म्हणाली. "आमच्यातलं मीबी काढलं. तिनं काढून उरलेलं मी काढलं! पर ठेवलं न्हाईत. खळीत घातलं. आता काय, ताण्यावं चोपडून झालं."

आधी मारुतीराव हसले. मग परशराम मास्तर. मग सगळी पडवी. नागुबाईही हसायला लागली आणि तिनं राजाबाईच्या पाठीत एक हलकी थाप मारली. राजाबाई दचकलीच.

हसू ओसरल्यावर मारुतीराव म्हणाले, "पण आता मी लिहायचं काय? हे आणलेले खरे, शिजलेले गेले. असं अर्धवट मला पाठवता येणार नाही. चूक माझी झाली. घराघराला वेगळं गाडगं दिलं, तेव्हा ते घराचं झालं. अजून एक बाजार थांबतो. ह्या वेळी घराघराची मोजणी नको."

मारुतीच्या देवळापुढं पाण्याचा रिकामा रांजण होता. तो पालथा घालून पुसला, सरळ केला. दिवसभर वाटीत टाकलेले चिंचोके, खडे दिवेलागणीला प्रत्येकीनं पदराखालनं आणायचे आणि हात आत घालून सोडायचे. कुणी किती सोडलं ते कुणाला दिसायचं नाही. देवापुढं खोटंही घालवत नव्हतं. मारुतीराव धर्मशाळेत राहिले, भाकरी घरोघरनं जायची. एक दिवस आमच्याकडं आले आणि परवानगी मागून उंबऱ्याजवळ पाठ फिरवून बसले. बघायचे नाहीत, नुसतं ऐकायचे. खटाखट चालली, थांबली. टक्. पुन्हा चालली, थांबली. टक्. आप्पा म्हणायचे, ते उठून गेले तेव्हा कोटाच्या बाहीनं तोंड पुसत गेले. आई म्हणते, छे, उकडत होतं.

पुढच्या बाजाराला रांजण दोघांनाही उचलेना. तो आडवा केला तेव्हा चिंचोक्यांत खडे शोधावे लागले.

मारुतीराव बेळगावला गेले. मग वाट बघणं आलं. भरमाच्या भावाचा दुसरा निरोप आला. आप्पांनी सोलापूरला न्यायची पिशवी झाडून खुंटीला लावली. आईनं ती खुंटीवरनं काढली, धुतली आणि मुद्दाम वाळत घालून ठेवली, दिवसच्या दिवस. विचारलं की म्हणायची, "ओली हाय अजून." कडक वैशाखात पिशवी ओली.

वैशाख सरत आला तेव्हा परशराम मास्तर हुकूम घेऊन कट्ट्यावर उभे राहिले. वर्ग राहणार. बापे ओरडलेच. मास्तरांनी हात वर केला. "पुढचं ऐका. वर्गाला पाच मोठे रहाट मिळणार, एकदम दोन कांड्या भरणारे. आणि वर्गात नाव घालणाऱ्यानं पहिला महिना रहाटावर बसायचं. आधी कांड्या भरायला शिकायचं, मग मागाला हात लावायचा. ते मान्य नसंल तर वर्ग दुसऱ्या गावाला."

 आमच्यात बाप्या माणसानं रहाटाला हात लावायचा नसतो. बायको बाळंतीण असली तर शेजारीण येऊन भरते. कुणी नसलं तर माग बंद ठेवतात, पण बाप्या भरत नाही. ते लुगडं नेसण्यासारखं.

"काय बांगड्या भरायला कासारबी देणार काय सरकार?" भरमा म्हणाला. "चला रं. असला वर्ग नको."

माणसं उठायला लागली. मास्तर हुकमाची घडी करत राहिले. तेव्हा आप्पा पायरीवरनं उतरले, धर्मशाळेत गेले आणि पहिल्या रहाटापुढं मांडी घालून बसले. दारात गर्दी झाली.

"केदारी, न्हाण आलं काय रं?" मागनं कोण तरी म्हणालं. आप्पांची मान लाल झाली, पण उठले नाहीत. लडी उचलली. फाळक्यावर चढवली ती उलटी. टोक सापडेना. सापडलं ते तुटलं. मास्तर शेजारी बसले, त्यांनाही जमेना. जन्मभर मागावर बसलेली दोन माणसं एका लडीत गुंतली. दारातनं हसणं वाढायला लागलं.

"बायाक्का," मास्तर कासावीस होऊन म्हणाले, "सुनेला धाडा की."

आज्जीनं मला आईच्या कडेवरनं ओढून घेतलं. "जा गं. बघतो मी हिला."

आई पदर डोक्यावरनं पुढं ओढून आत गेली आणि आप्पांपासून हातभर लांब बसली. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची रीत नव्हती. ती मास्तरांकडं बघून म्हणाली, "त्यास्नी सांगा, लडी झटका म्हणावं आधी."

मास्तर म्हणाले, "केदारी, लडी झटक."

आप्पांनी झटकली.

"बोट वलं करा म्हणावं. सूत दोन बोटांत धरा, मुठीत न्हाय."

"बोट ओलं कर. दोन बोटांत धर."

"मुरगाळू नका म्हणावं. ती काय म्हशीची शेपूट न्हवं."

मास्तरांनी एवढं सांगितलं नाही, पण दारातल्यांनी ऐकलं. पुन्हा हशा झाला. ह्या खेपेला आप्पाही त्यात होते. भरमा आत येऊन भिंतीला टेकला, "सरक, मला बघू दे," म्हणत. त्याच्यामागं आणखी दोघं आत आले. आणि आप्पांची पहिली कांडी भरून झाली. मधे फुगलेली, दोन्ही टोकांना उघडी, मांजरानं चघळल्यासारखी. त्यांनी ती मास्तरांकडं न देता आईपुढं तळव्यावर धरली.

आईनं कांडी घेतली, अंगठ्यानं दाबली. मऊ लागली. असली कांडी धोट्यात घातली तर दोन ओढीत अडकणार. तिनं मास्तरांकडं बघितलं, मग दाराकडं, तिथं आज्जी मला घेऊन उभी होती. आणि मग आई आप्पांकडं वळली. सगळ्या गल्लीसमोर, मधे कुणालाच न घालता, म्हणाली,

"परत भरा."

आप्पांनी सूत उलगडलं आणि परत पहिल्यापासनं भरायला घेतलं.